उंबऱ्यावरची अर्धी लिंबं

“सूनबाई धोंड्यांत शिकलीया,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. भूगर्भशास्त्राच्या पदवीचं याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली ती मे महिन्याची सुट्टी. सांगलीहून लग्न करून कुंडलला येऊन मला सहा महिने झाले होते, नवरा फौजेत होता आणि मळ्यात विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोटातून पांढरे, चकाकते स्फटिक निघत. मजूर ते ढिगाऱ्यावर फेकत आणि मी पदरात भरून घरी आणी. घरात दिरांची पाच पोरं मोकाट सुटलेली. त्यांच्यासाठी मी खेळ काढला. दगडाने काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. लिंबाचा थेंब टाकल्यावर फसफसला तर कॅल्साइट. फसफसणारे दगड जास्त शोधील त्याला बक्षीस म्हणून नवऱ्याने लडाखहून आणलेला, शिंपल्याचा ठसा असलेला दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीव दगडात बसलाय म्हटल्यावर पोरं पेटलीच.

दोन दिवसांत माझे दगड संपले. मग भर दुपारी, आळी झोपलेली असताना, कार्टी लिंबं घेऊन दारोदार फिरली. उंबऱ्याची शहाबादी फरशी चुनखडीची, म्हणून तीही फसफसते, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः शोधलं, याचा मला आजही अभिमान आहे. नंतर मोजता यावं म्हणून जिथे फसफसलं तिथे त्यांनी अर्धं लिंबू ठेवलं.

सात उंबरे, सात अर्धी लिंबं, आणि दिवस अमावास्येचा.

चार वाजता आळी जागी झाली आणि एकच गिल्ला झाला. करणी! आळीत लिंबाचं झाड एकच, टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दारात. पोरांनी लिंबं तिथूनच लांबवली होती. पंधरावीस माणसं तिच्या दारात जमली. “हिलाच गावाभायेर काढा,” कुणीतरी ओरडलं. म्हातारी चौकटीला धरून उभी होती.

पोरं आमच्या माळ्यावर लपली. मलाही लपावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासरे त्या गर्दीत होते आणि त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी पदर सारखा करून गेले. “आवं मामंजी, ह्यो पोरांचा खेळ हाय, मीच शिकवलाय,” म्हणत तिथल्याच पायरीवर लिंबू पिळलं. फरशी फसफसली. सगळे वाकून बघू लागले. एकाने स्वतः पिळून पाहिलं. मग कुणीतरी हसलं, सासऱ्यांनी घसा खाकरला आणि माणसं “लय वांड पोरं” म्हणत पांगली.

म्हातारीशी एकही शब्द न बोलता.

“आजी, चुकलं माझं,” मी म्हणाले.

“तुजं काय गं,” ती पायरीवरची साल उचलत म्हणाली. “दरसाल लोणच्याला ह्यीच मानसं माजी लिंबं मागून न्हेत्यात. वीस वर्सं झाली. आन् आज येकालाबी वाटलं न्हाई, म्हातारीला आदी इचारावं.”

मला तिच्याकडे बघवेना.

“पोरास्नी उद्या हिकडंच धाड,” ती म्हणाली. “माज्या दारात तेवडंच कुनीतरी यील.”