कुंदाताईची मुद्दाम केलेली चूक

रामदासपेठेतल्या इस्पितळात कुंदाताईला भेटायला गेलो, तेव्हा ती उशाशी लोंबणारी बेल दाबत होती. नर्स धावत आली. "काही नाही वं बाई, वाजते का नाही ते पाहून राहिली होती," ताई म्हणाली. नर्स चिडली, मी हसलो. ताईच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. छातीत दुखतं म्हणून दाखल केलेल्या बाईला दुखण्याआधी बेलची काळजी! मग आम्ही नेहमीसारख्या ऑफिसच्याच गोष्टी बोलत बसलो... त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या धाकट्या भावाचा, प्रभाकरचा, फोन आला. "ताई गेली गा," एवढंच तो म्हणाला.

सदरला एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं, देवघरात जावं तसं. आम्ही चारपाच जण सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचो, आणि कुंदाताई आमची सीनिअर. तिच्या मागे आम्ही तिला भागूबाई म्हणायचो. निघताना ऑफिसचं कुलूप ओढून बघायचं, दोन पायऱ्या उतरून परत वर येऊन पुन्हा ओढायचं, हा तिचा रोजचा कार्यक्रम. अशा बाईच्या पदरात काम पडलं तेही कोळसा खाणीचं. जमिनीखाली विषारी वायू किती साठलाय, हे वरच्या कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसायचं आणि काय करायचं याची सूचना यायची. मूळ वाक्यं इंग्रजीत होती. प्रोग्रॅममधल्या ज्या वाक्याला आम्ही खूण करू, त्याचं मराठी रूप यंत्र आपल्या साठ्यातून शोधून दाखवणार. सापडलं नाही तर गुपचूप इंग्रजीच दाखवणार. आणि त्या पडद्यासमोर पाळीवर बसणार होता प्रभाकर. शाळा अर्धवट सुटलेला, इंग्रजीशी त्याचं कधी जमलंच नव्हतं.

चाचणीच्या दिवशी खाणीवरच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही वायू वाढल्याचा खोटा आकडा यंत्राला दिला. एकेक सूचना छान मराठीत उमटत गेली, आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची, इंग्रजीत आली. इतका वायू झाला आहे, माणसं ताबडतोब बाहेर काढा, असा तिचा अर्थ. प्रभाकर पडद्याकडे बघत बसला, मग मान वळवून त्यानं बहिणीलाच विचारलं, "ताई, हे काय लिहून राहिलं वं? मले काही समजत नाही." कुंदाताईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. खाली तेव्हा कुणीच नव्हतं, नुसती चाचणी होती. तरी मला त्या खोलीत एकदम गुदमरल्यासारखं झालं. चूक साधी होती. आमच्यातल्या एकानं वाक्यात आकडा आधी भरला होता आणि मग खूण केली होती. साठ्यात होतं आकड्याची जागा मोकळी ठेवलेलं वाक्य. आकडा भरलेलं वाक्य यंत्राला तिथे कुठून सापडणार?

परतताना जीपमध्ये ताई एवढंच बोलली, "माणसाच्या नजरेवर मी नाही सोडत हे." आमचं लिखाण यंत्राला समजेल असं करून देणारा कंपायलर असतो. त्यालाच तिनं राखणीला बसवलं. खुणेच्या आत जे येईल, त्याच्या दोन्ही बाजूंना तिनं रिकामी अवतरणचिन्हं चिकटवण्याची सोय केली. आत थेट लिहिलेलं वाक्य असेल तर ते त्यांना बिनबोभाट जुळतं. आधीच आकडा भरून तयार केलेलं असेल तर जुळत नाही, आणि कंपायलर तिथेच अडून ओरडतो, म्हणजे पडद्यावर चूक दाखवून काम थांबवतो. खूण करायलाच विसरलात, तर प्रोग्रॅमचा पडद्यावर लिहिणारा भाग ते वाक्य हातात घेत नाही. तिथेही ओरड. पहिल्याच दिवशी इतक्या ठिकाणी ओरड झाली की आमची तोंडं पाहण्यासारखी झाली. त्या दिवसापासून भागूबाई हा शब्द ऑफिसात कुणी काढला नाही.

पण खरी भीती मला कळली ती त्या उन्हाळ्यात. दुपारी वीज गेली, आली, आम्ही काम पुरं केलं. कंपायलरची एकही तक्रार नाही. मी खुशीत चहा सांगायला उठलो, तर ताई म्हणाली, "बस गा. इतकं शांत काहून आहे?" तिनं त्याच शेवटच्या सूचनेची खूण मुद्दाम काढून टाकली आणि पुन्हा चालवलं. ओरड व्हायला हवी होती. झाली नाही... वीज गेल्यामुळे यंत्राचं घड्याळ मागे पडलं होतं. आमची बदललेली फाईल त्याला जुनी, आधीच तपासलेली वाटत होती, म्हणून कंपायलरनं ती तपासायला घेतलीच नव्हती. राखणदार झोपला होता आणि आम्ही त्याला शांतता समजत होतो. तेव्हापासून तिचा नियमच झाला, की खाणीवर काही पाठवण्याआधी एक चूक मुद्दाम करायची. ओरड आली तरच पुढे, आणि तसं ती प्रभाकरलाही फोनवर सांगायची.

तेराव्याला प्रभाकरला मी भीतभीतच विचारलं, त्या रात्री ताईची बेल वाजली होती का. तो म्हणाला, "बेल वाजली होती गा. सारे धावले होते." हे ऐकल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. बेल वाजूनही माणूस जातं, मग आमच्या एवढ्याशा ओरडण्यावर किती विसंबायचं? ताईला हे ठाऊक असणार. तरी ती दाबून बघायचीच.

आता तिच्या खुर्चीवर मी बसतो. परवा खाणीचा नवा प्रोग्रॅम तयार झाला, कंपायलर गप्प होता. मी त्याच सूचनेची खूण काढली आणि पुन्हा चालवलं. पडदा काही वेळ कोराच राहिला. मी पडद्याला नजर लावून बसलो... आणि ओरड आली. मी खूण जागेवर ठेवली, सगळं पुन्हा तपासलं आणि प्रभाकरला फोन लावला.

त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "ओरडलं ना गा?"