आठवा ब्रेक

मुकुंदवाडीतल्या स्पेअरपार्टवाल्या काकूंकडे आधी बोलणी मिळत, मग माल. "आरसा लोकल घे, इंडिकेटर लोकल घे, माझं काय जातंय? पण ब्रेक कंपनीचाच. नसंल घ्यायचा तर पायी फीर!" असं म्हणून भल्याभल्यांना त्या पायरी उतरायला लावत.

मीही एकदा हुज्जत घातली, की काकू, दोन्ही सारखेच तर दिसतात. "दिसाया तर ताक आन् चुन्याचं पाणीबी सारखंच दिसतं. पितो का?" म्हणाल्या. कंपनीचाच घेतला.

नवरा गेल्यावर दुकान त्यांच्या गळ्यात पडलं. बाईला गाडीतलं काय कळतंय म्हणून फिदीफिदी हसणारे मिस्त्रीच पुढं गिऱ्हाइकाला सांगू लागले, "ब्रेक काकूंकडनंच आणा."

एका सकाळी मी बायकोला घेऊन देवगाव रंगारीला निघालो होतो. स्कूटर काढतोय तोच काकू धापा टाकत दारात. "गाडी काढू नको, बाबा. परवा नेलेला ब्रेक बदल आधी." एका गिऱ्हाइकाच्या नव्या ब्रेकची चाकाला घासणारी पट्टीच, लायनर, चालत्या गाडीत निघून आली होती. खरचटण्यावर निभावलं म्हणायचं. खोकं कंपनीचं, सील कंपनीचं आणि आतला माल बनावट! "मी फसले रं. आन् तुमाला मीच इकलं," म्हणाल्या.

बाकीचे दुकानदार म्हणाले, गप बसा, कुणाला कळतंय? "मला कळलंय नव्हं!" म्हणाल्या आणि दारोदार फिरल्या. त्या मालातले आठ ब्रेक गेले होते. सात सापडले. आठवा नेणाऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं. चितेगावला कंपनीत आहे, एवढंच तो बोलला होता. निळी स्कूटर, पुढं उभी राहिलेली चिमुरडी पोरगी.

काकू रोज कामाच्या वेळेला पैठण रोडवरच्या चितेगावच्या फाट्यावर जाऊन निळ्या गाड्या अडवू लागल्या. दोनदा मीही गेलो. मग, खोटं कशाला बोलू, कंटाळलो. "काकू, बदलला असेल हो त्यानं."

"असंल. पण मला कोण सांगणार?"

पुढं त्यांनी दुकान विकलं, लेकीकडं गेल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "पैठण रोडनं गेलास की बघत जा, बाबा." आता त्याही नाहीत. मी मात्र अजून बघतो. ती पोरगी एव्हाना कॉलेजात जात असेल. असावी. देवा, असावी रे.