आईच्या प्रार्थनेतलं जास्तीचं नाव

संध्याकाळच्या प्रार्थनेत आई घरातल्या एकेकाचं नाव घेते. माझ्या वाट्याला ठरलेली ओळ येते: "प्रभू, हिचं लग्न जमू दे." मी अकरा वर्षं पोलिसात खुनांचे तपास करते, पण घरात त्याबद्दल बोललेलं आईला चालत नाही.

काल माझ्यानंतर एक जास्तीचं नाव आलं. "प्रभू, मार्थाला सांभाळ. ती एकटीच त्या खुन्याच्या घरात शिरलीय."

मी डोळे उघडले. आईच्या मांडीवर कादंबरी पालथी पडली होती. मार्था त्यातली पोलीस अधिकारी, पुरावा मिळेनासा झाला की प्रार्थनेला गुडघे टेकणारी. आईच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. माझ्यासाठी त्या कधी अशा थरथरल्याचं मला आठवेना. कागदावरच्या त्या बाईचा मला मनापासून हेवा वाटला.

कादंबरीचं शेवटचं पान मी दुपारीच चोरून वाचलं होतं. मार्था सुखरूप घरी येते. माझ्याबद्दल असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

प्रार्थना संपली, तरी मी त्या पालथ्या कादंबरीकडेच बघत होते.

"आमेन म्हण की गं," आई म्हणाली. "पोर संकटात आहे."