ज्याचं मशीन, त्याचा नारळ

वकिली सोडून नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरला राहायला आले खरी, पण सकाळचे दहा वाजले की जीव नुसता कासावीस होतो. मुलगी म्हणते, "आई, आराम कर ना आता." कसला डोंबलाचा आराम! मला माझे पक्षकार हवेत. कुणाचा पाय गेलेला, कुणाची बोटं, आणि तरी कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात डबा उघडून "मॅडम, घ्या ना थोडं" म्हणणारे. त्यातल्या एकाची फार आठवण येते.

तो सावनेरकडचा. जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढायच्या मशीनवर होता. एक दिवस उजवा हात मशीनमध्ये गेला, कोपरापासून कापावा लागला. भरपाई मागितली तर मालक म्हणाला, "हा आमचा माणूसच नाही. कापूस विकायला आला होता, मशीनजवळ कशाला गेला देव जाणे." हजेरीत नाव नव्हतं. सोबतचे कामगार नोकरीच्या भीतीनं साक्षीला येईनात. तो तिथे कामाला होता, एवढं सिद्ध झालं असतं तर पुरे होतं, आणि तेच होईना.

त्याला मात्र दुसरंच लागलं होतं. "मॅडम, मालक मले ओळखत नाही म्हणते. काहून म्हणत असन?"

दर तारखेला हेच. मी चिडायची. "तुले बुडवाले म्हणते गा, अजून काय!"

उलटतपासणीत माझे प्रश्न संपत आले. मालक कपाळाला ठसठशीत गंध लावून ऐटीत उभा. ते गंध बघून माझं डोकंच फिरलं. विचारलं, "दसऱ्याला मशीनची पूजा करता की नाही?"

"करतो तर! न चुकता."

"नारळ कोण फोडतं?"

"ज्याचं मशीन, त्याच्याच हातून फोडतो. जो चालवतो, त्याचा मान. आमच्याकडे रिवाजच आहे तसा."

"अपघाताच्या आधीच्या दसऱ्याला या मशीनवर कुणी फोडला?"

देवाच्या कामात खोटं बोलायला त्याची जीभ धजेना. त्यानं माझ्या पक्षकाराकडे बोट केलं. मग म्हणाला, "यानंच."

झालं, केस आमची! वळून बघते तर माझा गडी डोळे पुसतोय आणि हसतोयही.

"आता काय झालं गा?"

"मालकानं ओळखलं मले."

भरपाई मिळाली, त्यानं घर बांधलं, पोरीचं लग्न केलं. तरी दर हिवाळ्यात तुरीच्या शेंगा घेऊन रामदासपेठेतल्या माझ्या ऑफिसात यायचा. चहा व्हायचा, इकडचं तिकडचं व्हायचं, आणि उठता उठता हळूच विचारायचा, "मॅडम, मालक भेटतात का कोर्टात? माझं काही विचारतात का?"

एकदा मी भडकलेच. "नाही विचारत गा! कधीच नाही विचारलं!"

तो दारात थांबला. माझीच समजूत घालावी तसा म्हणाला, "कापसाचा सीझन हाये ना मॅडम. फुरसत नसन त्याईले."