देअरफोरनंतरचा होकार

नारळ फोडल्याचा वास आला की मला ‘देअरफोर’ आठवतो. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता, पण पेडण्यातल्या आमच्या गावात बस येत नव्हती. ती मागायला देवळापुढे मोठ्या साहेबांना बोलावलं होतं आणि मी, नववीतली पोर, त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलणार होते. शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, “आधी अडचण सांग, मग देअरफोर म्हणून जरा थांब, मग मागणं.” पण त्याआधी गावकऱ्यांनी बससाठी देवाला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणाले, नारळ फुटला, आणि लगेच मी उभी राहिले. “वुई हॅव नो बस. देअरफोर...” मी थांबले मात्र, अख्खा गाव गरजला, “व्हय म्हाराजा!” मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. बाईंनी कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा साहेबही सगळ्यांबरोबर बोलून गेले. नारळ फोडणारे आजोबा ओरडले, “देवासमोर व्हय म्हटल्यान सायबान!” मागणं माझ्या तोंडातच राहिलं, पण बस आली. आता मी कचेरीत अर्ज लिहिते तेव्हा देअरफोरपाशी हात थबकतो. पण नारळाशिवाय कोणी व्हय म्हणत नाही.