बाहीतला हात

आमच्या घरात माझ्या सदऱ्याच्या एका बाहीला माझ्यापेक्षा जास्त मान होता.

हे मी रागानं लिहीत नाही. खरं आहे ते लिहितो. दुसरीतून शाळा सुटलेला माणूस मी, मला सजवून लिहिता येत नाही. बायको पौषात गेली. तेव्हापासून घरात भांडायलाही कोणी नाही. मग बसून काय करायचं? आठवायचं.

तर बाही. खाकी सदरा होता, पाठीत फाटलेला. पारूनं (पारू म्हणजे आमची मंडळी) त्याची उजवी बाही कापली, तांदळाच्या गोणीच्या खालच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि तिथं ती शिवून टाकली. खांद्याकडची रुंद बाजू गोणीला, मनगटाकडची अरुंद बाजू खाली लोंबती. मग ती गोणी माजघराच्या तुळईला टांगली. वरून तांदूळ ओतायचा, खालून बाही सोडून लागेल तेवढा सुपात घ्यायचा. झालं की बाहीला पीळ द्यायचा, दुमडायची आणि काथ्यानं बांधायची. उंदीर पोचत नाही, जुना तांदूळ आधी निघतो, नवा वर राहतो. गोणी रिकामी झाली की धुवून वाळवून पुन्हा तिथंच. अख्खी आळी बघायला आली.

"पारूवैनी, काय डोकं हाय गं तुला!" शेजारची सखू म्हणाली.

"डोकं माजं, बाही यांची," पारू म्हणाली.

(माझा वाटा एवढाच. तोही सदरा फाटला म्हणून!)

आता आमची लेक शेवंता. पोरगी कामाला वाघीण, पण हसली की पार पाणवठ्यापर्यंत ऐकू जायचं. दोन ठिकाणची माणसं बघून गेली, दोन्हीकडून नकार. "मुलगी फार हसती," म्हणे. पारूनं तेव्हापासून पोरीच्या हसण्याचा धसकाच घेतला होता. अशात शेलूचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घरचं भात, गोठ्यात म्हशी. पारूनं शेवंताला बजावलं, "पावणे जाईस्तोवर दात दिसले तर बघ!" आणि मला बजावलं, "तुमी कायबी करू नका."

पावणे संध्याकाळी यायचे होते. पारूचे हात सकाळपासून शेणात, ओटी सारवत होती. स्वयंपाकाला तांदूळ काढला शेवंतानं, आणि पारू बाहेरून ओरडली, "आवो, तेवढी बाही बांधा! आधी पीळ, मग दुमड, मग गाठ!"

"अगं, बैल बांधतो मी! तांदूळ काय शिंगं मारतोय?"

पीळ दिला नाही. दुमडलीही नाही. सरळ बैलाची गाठ मारली आणि मिशीवरून हात फिरवला.

पावणे दुपारीच हजर! कर्जतला उतरले तर समोरच एसटी उभी, म्हणून लवकर आले म्हणे. ओटी ओली, पाय ठेवायची सोय नाही. मग माजघरात घोंगडी अंथरली. मुलाचे वडील, मुलगा गणपत आणि मुलाची आत्या. आत्या अशी बाई, की तिनं आमच्या भिंतीकडं पाहिलं तर भिंतीनं पदर सावरावा! मी मानाची जागा म्हणून मुलाच्या वडलांना मधोमध बसवलं. मधोमध म्हणजे बरोबर गोणीखाली.

शेवंता चहा घेऊन आली. मान खाली, ओठ गच्च. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात मुलाच्या वडलांच्या टोपीवर चार दाणे पडले. त्यांना वाटलं पाल. त्यांनी वर पाहिलं, आणि तोंड वर असतानाच सर्रर्र करून तांदूळ तोंडावर!

मी उडी मारली आणि बाहीत हात घातला. ज्या बाहीतून जन्मभर हात बाहेर काढला, तिच्यात उलटा घातला! मनगटाचं तोंड कोपराशी आवळून बसलं आणि धार थांबली. पण आता हात काढला तर अर्धी गोणी पावण्यांच्या डोक्यावर.

पारू चुलीकडून धावत आली. एका नजरेत सगळं कळलं तिला. मग टाळी वाजवून म्हणते कशी, "अक्षता! अगं बाई, आपल्याआप अक्षता पडल्या! शुभ झालं!"

"अक्षता चिमटीनं टाकत्यात," आत्या म्हणाली. "गोणीनं नाय."

मुलाचे वडील मिशीतले दाणे झटकत सरकले आणि मला म्हणाले, "बसा की वो तुमी."

"नाय. बरा हाय असाच."

"बसा, बसा!"

"आमच्यात रीत हाय," पारू मधेच म्हणाली. "मुलीचा बाप पावणे उठंस्तोवर धान्याला हात लावून उभा ऱ्हातो. बसत नाय."

ही रीत मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"जुनी दिसती रीत," मुलाचे वडील आदरानं म्हणाले.

"लय जुनी," मी म्हणालो. (त्यांचा चहा अजून गार झाला नव्हता, एवढी जुनी!)

मग कोंबड्या आल्या. तांदूळ सांडल्याचं कोंबडीला कोण कळवतं देव जाणे. एक आत्याच्या पदराखाली घुसली. तिला हाकलताहेत तोच माझ्या हातावर काहीतरी चालायला लागलं. तांदळातले सोंडकिडे! कोपरावरून दंडात, दंडातून काखेत. मी एका पायावर आलो. मग दुसऱ्या.

"यांच्या अंगात येतं का?" आत्यानं विचारलं.

"भाव दाटून आलाय," पारू म्हणाली. "लेक जायची म्हणून."

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. किड्यानं आलं की लेकीनं, ते आता सांगता येणार नाही.

त्यात मुलाचे वडील म्हणाले, "सोयऱ्यांनी चा नाय घेतला." उजवा हात वर अडकलेला, डाव्यानं तुळई धरलेली. शेवटी पारूच पुढं झाली. बशी फुंकून तिनं माझ्या तोंडाला लावली. चार माणसांत ती माझ्या इतक्या जवळ आयुष्यात उभी राहिली नव्हती. कानाशी पुटपुटली, "हललात तर बघा! मेलं बूच!"

ते शेवंतानं ऐकलं.

पोरीनं पदर तोंडात कोंबला. डोळे फिरवले. पण हसणं ते, गोणीसारखंच सुटलं! कोंबड्या उडाल्या. आत्यानं कप खाली ठेवला. मला कळलं, हे तिसरं स्थळही गेलं. माझ्या एका गाठीपायी गेलं.

तेवढ्यात दुसरीकडून आवाज आला. मुलगा! गणपत घोंगडीवर आडवा पडून हसत होता, अधूनमधून नाकानं घोरत. शेवंता थांबली, त्याच्याकडं पाहिलं आणि दुप्पट सुटली.

"घ्या!" मुलाचे वडील म्हणाले. "दोघांचं एकच हाय! याच्या हसण्यानं म्हस दूध चोरती म्हणून आमी याला गोठ्यात सोडत नाय!"

ठरलं. साखर वाटली. मलाही पारूनं भरवली.

पावण्यांना एसटीपर्यंत पोचवून पारू आली तेव्हा मी तसाच उभा. तिनं बाही वरच्या अंगानं दोन्ही मुठींत आवळली, पीळ दिला आणि म्हणाली, "काढा आता." मी हात काढला. ती सांडलेल्या तांदळात मटकन बसली आणि हसली. तेव्हा कळलं शेवंताला ते कुठून आलं होतं.

पुढं लग्नात, नवरी शेलूला घरात घेताना बघतो तर काय, आमचे व्याही माजघरात उभे! एक हात तांदळाच्या पोत्यात. घामानं निथळताहेत, पण बसत नाहीत. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "लय जुनी रीत हाय." पारूनं मला चिमटा काढला, अजून काळानिळा असेल.

आता गोणी आहे, बाही आहे. पारूचे दिवस झाल्यावर शेवंतानं गोणी भरून दिली. येते, पण पहिल्यासारखी हसत नाही आताशा. मी बाहीला पीळ देतो, दुमडतो, गाठ मारतो. आता सगळं बरोबर येतं. बघायला कोणी नाही.

परवा व्याही आले. तेही थकले. मी "बसा" म्हणालो आणि सवयीनं उभाच राहिलो. काय वाटलं कोण जाणे, गाठ सोडली आणि बाहीत हात घातला. पारूनं कुठून तरी बघावं असं वाटलं असेल.

तांदूळ थांबला नाही. खाणंपिणं सुटल्यापासून हाताची काटकी झाली आहे. मनगटाच्या चारी बाजूंनी धार लागली आणि माझ्याच पायांवर ढीग झाला. व्याही बघत राहिले. पहिली कोंबडी उंबऱ्यावर आली.

झालं. आता बूच म्हणूनही कामाचा राहिलो नाही!