धुराची जोडी लावणारे नाना

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा, देवपूर, धुळे. हजर : अक्का, सलीमभाई, समोरच्या घरातले डॉक्टर आणि मी. नाना मधल्या खोलीत, चटईवर.

एवढी नोंद मी त्याच दिवशी वहीत केली. लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. अक्काचा फोन सातला आला होता. अक्का नानांची थोरली बहीण, दोघं एकाच घरात राहायची. "नाना उठी नही राह्यना वं, वर्षा," एवढंच ती म्हणाली आणि फोन हातात धरून बसून राहिली असावी, कारण पलीकडून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी जळगावच्या आमच्या औषधांच्या दुकानाची चावी नवऱ्याच्या हातात दिली आणि धुळ्याची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत डोक्यात याद्या चालू होत्या... कोणाला कळवायचं, दाखला कोण देणार, अक्काच्या गोळ्या. पारोळ्याच्या पुढे मागच्या बाकावर कोणीतरी भाजलेल्या शेंगा फोडायला लागलं, तो वास आला, आणि याद्या बंद पडल्या.

नाना माझे चुलते. नोकरीची सगळी वर्षं अमळनेरच्या एका तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथे काचेच्या नळ्या होत्या, तराजू होते, पण व्यापारी विश्वास ठेवायचे तो नानांच्या नाकावर. शाळेत असताना मी एकदा त्यांना डबा द्यायला गेले होते. त्यांनी तेलाचे दोन थेंब तळहातावर घेतले, हात खसखसून चोळले, नाकाशी नेले आणि समोरच्या व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, शेंग भिजलेली होती. वरची पोती कोरडी असतील, खालचा थर बघा." शेठ हसला. संध्याकाळी खालचा थर उपसला तेव्हा पोत्यांच्या बुडाला बुरशी निघाली. त्या दिवशी मला नानांची थोडी भीती वाटली होती. माणसाला एवढं कसं कळतं...

पाइप त्यांना कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांनी बदली होऊन जाताना दिला, सोबत तंबाखूचा एक डबा. नानांनी तो डबा आठवडाभर नुसता हुंगला. मग पाइप पेटवला, शेजारी कोरा चहा ठेवला, दुसऱ्या दिवशी कॉफी, तिसऱ्या दिवशी ताक, आणि कोणत्या धुरामागे कोणता घोट घेतला की काय होतं याचा त्यांनी शोध सुरू केला. निवृत्त होऊन देवपूरला आल्यावर त्यांना सलीमभाई भेटले. सलीमभाई खरादी, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून पलंगाचे पाय आणि लाटणी घडवणारे. नानांनी पाइपाचं चित्र काढून दिलं, सलीमभाईंनी बोरीच्या जुन्या मुळाचा घडवला. पहिला तडकला, दुसरा आतून जळाला, तिसरा जमला. तेव्हापासून ते नानांचे जोडीदार.

मी पाइप कधी तोंडात धरलेला नाही. तंबाखूने काय होतं ते मला काउंटरच्या या बाजूने रोज दिसतं आणि दर भेटीत मी नानांना ते ऐकवायची. "बरोबर आहे तुझं," म्हणायचे, आणि महिन्यातला एक रविवार सोडला तर पाइपला खरंच हात लावायचे नाहीत. त्या रविवारी मी जळगावहून जायची. माझं काम नोंदीचं. तारीख, हजर कोण, तंबाखू, पेय, शेरा. शिवाय कच्चं पान हुंगायचं, खोलीतला धूर हुंगायचा आणि पेयाचा घोट घ्यायचा, माझ्याच दुकानातल्या खोकल्याच्या औषधाच्या प्लास्टिकच्या मापाने. त्याहून जास्त कोणालाच मिळायचं नाही, रम असो की ताक.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. धुराने जीभ कोरडी पडते. पेयाने ती ओली करायची, पण पुसून टाकायची नाही. गोड तंबाखूवर गोड पेय म्हणजे लग्नातली तिसरी जिलबी. व्हर्जिनियाच्या पानाला वाळल्या गवताचा आणि मनुकांचा वास, त्याला बिनदुधाचा कडक चहा. बर्लीच्या पानाला थेट भाजल्या शेंगदाण्याचा वास, त्याला रम, नाहीतर गुळाची कोरी कॉफी. आणि लताकिया नावाचं काळं पान, लाकडाच्या धुरावर सुकवलेलं. ती बरणी उघडली की कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या भरिताच्या वांग्याचा वास घरभर. त्याला नानांनी ताक लावलं. जिरं घातलेलं, पातळ.

"ताकवर धूर!" अक्का दारातून ओरडली होती. "तुले येड लागनं का रे? बठ्ठं घर वास मारी राह्यनं!"

"एक घोट घेऊन बघ, मग बोल."

अक्काने घोट घेतला. आत गेली आणि थोड्या वेळाने माप धुऊन परत आली. "आखो दे," म्हणाली. म्हणजे अजून दे.

अशा अकरा बरण्या होत्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या डागाळल्या होत्या, ते मला बघवेना. एका रविवारी मी सगळ्या बरण्या रिकाम्या करून पुसल्या, भरल्या आणि दुकानातली छापील लेबलं चिकटवली. त्यात चार आणि सात नंबरची अदलाबदल झाली. व्हर्जिनियाच्या लेबलाखाली बर्ली गेली. दिसायला दोन्ही पानं तपकिरी, सारखीच कापलेली. पुढच्या महिन्यात नानांनी चार नंबरची बरणी उघडली, पाइप भरला, पेटवला, कडक चहाचा घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "गवत... उन्हात दोन दिवस पडलेलं. आणि मागे मनुका. लिही वर्षा."

खोलीत भाजल्या शेंगदाण्याचा वास कोंदला होता. आयुष्यभर शेंगदाण्यात राहिलेला माणूस, आणि तो गवत म्हणत होता. मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

सलीमभाई नमाजाला गेल्यावर मी म्हणाले, "नाना, लेबल माझ्याकडून चुकलं. चार आणि सात."

त्यांनी पाइप खाली ठेवला. "म्हणजे आज शेंगदाणा होता."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या धुराला."

"मग तुझं नाक तयार झालं," ते म्हणाले, आणि हसले. मला हसू आलं नाही. मग त्यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी मोठा ताप आला होता, त्यात वास गेला. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं पुसलं गेलं होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. "सलीमला सांगू नको," म्हणाले. "तो माझ्यासाठी लाकूड घासतो. त्याला वाईट वाटेल."

जळगावला आल्यावर मी वही काढली आणि त्या दीड वर्षाच्या नोंदी एकेक करून तपासल्या. उसाच्या रसात आलं किती, कॉफी किती पातळ, मोहाच्या दारूत पाणी किती... सगळं त्यांनी सांगितलेलं, आम्ही तिघांनी चाखून वाहवा केलेली, माझी ती लेबलाची चूक सोडली तर एकही चूक नाही. त्या काळात काही जोड्या तर नव्याच लावल्या होत्या. नाक बंद असताना. मी वही मिटली आणि दुकानात उभी राहिले. गिऱ्हाईक दोनदा "ताई, ताई" म्हणालं तेव्हा भानावर आले.

पुढच्या वेळी मी त्यांना हे सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "हे सगळे वास मला आधीचे माहीत होते. त्यांच्या जोड्या लावणं म्हणजे पाढे म्हणणं. ज्याचा वास मी कधीच घेतला नाही, अशा पानाला पेय सापडलं तर मी अजून आहे. नाहीतर ही दुकानदारी बंद करू." शांतपणे म्हणाले, पण त्यांचा हात बरणीच्या झाकणावरून हलत नव्हता.

तसं पान सलीमभाईंनीच आणलं. त्यांचा साडू आखाती देशातून आला होता, त्याच्याकडचा डबा. वरचं अक्षर घासून गेलेलं, कोणालाच वाचता येईना. आणि डबा माझ्या हातात देताना सलीमभाई हळूच म्हणाले, "मला माहीत आहे, ताई. मागच्या वर्षी पाइपाला चुकून वार्निश लावलं होतं मी. त्या वासावरून नानांनी मला झापलं नाही, तेव्हाच कळलं." म्हणजे एक वर्ष ते दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते.

नानांनी मला समोर बसवलं, उघडा डबा माझ्या नाकाशी धरला. "डोळे मिट. पहिलं काय?"

"लोणचं."

"लोणचं म्हणजे कैरी, मोहरी की मीठ?"

"यातलं काही नाही. मुरलेपणा. बरणीच्या बुडाचा."

"त्याच्या मागे?"

"मिरी. आणि काहीतरी गोड... खजूर."

"खजूर की खारीक?"

"खारीक. भिजवलेली."

"वास नाकात वर जातो की घशात उतरतो?"

एवढ्या बारकाईने मला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. तासभर हे चाललं. मी सांगत होते आणि त्यांचा चेहरा, कसं सांगू... गाव ओळखीचं निघावं तसा होत गेला. शेवटी त्यांनी अक्काला हाक मारली. "अक्का, ज्वारीची आंबील लाव. मीठ नको, लसूण नको, जिरं नको."

"मंग त्यामा शे काय?" अक्का म्हणाली. "त्यापेक्षा गोठामाच जाय, तठेच पी!"

"आंबटावर आंबट?" मीही म्हणाले. "गोडावर गोड तुम्हीच नको म्हणता ना?"

"आंबट आंबटाला खाऊन टाकेल. मग जे उरेल ते बघायचं आहे."

आंबील आंबायला रात्र लागते. मी राहिले. सकाळी सलीमभाई आले, पाइप पेटवला, आंबिलीचा घोट घेतला. मी खोलीतला धूर हुंगला आणि माझं माप तोंडाला लावलं. नाना पाइपाकडे पाहत नव्हते, आमच्या तोंडांकडे पाहत होते. परीक्षेचा निकाल लागताना बाप उभा राहतो तसे. लोणच्याचा मुरलेपणा आला, आंबिलीचा आंबटपणा आला, आणि मग दोन्ही खरंच गेले... आणि त्यांच्या जागी काहीतरी ऊबदार आलं. मी त्याचं नाव शोधत होते.

"भाकरी आली का?" नानांनी विचारलं.

भाकरीच होती. तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी केलेली. ज्या माणसाला त्या खोलीत कसलाच वास येत नव्हता, त्याने आमच्या आधी तिचं नाव घेतलं होतं. मी मान हलवली. सलीमभाईंनी माप खाली ठेवलं, टोपी काढली, परत घातली. "नाना," ते म्हणाले, "तुम्ही माणूस आहात की काय आहात?" नाना उठून परसात गेले आणि बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिले.

त्यानंतर नाना पाच महिने होते. हृदय झोपेत थांबलं, डॉक्टर म्हणाले. ते पाच महिने मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. दर महिन्याच्या त्या रविवारी मी नाक आणि ते डोकं, असं आमचं काम चालायचं.

तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा अक्काने कपाटातून एक बारावी बरणी काढून दिली. तिची माझ्या यादीत नोंद नव्हती. शेवटच्या आठवड्यात नानांनी चमच्याने मोजून स्वतः केलेलं मिश्रण. त्याचा वास त्यांना आला नाही, येणार नव्हता. झाकणावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : "पेय वर्षाने सांगायचं."

बरणी आता जळगावला माझ्या टेबलावर आहे. सलीमभाई दोनदा येऊन गेले, पाइप पेटवून झाला. कोरा चहा लावला, चूक. कॉफी, रम, ताक, आंबील, चूक. सलीमभाई प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहतात आणि माझ्याआधी मान हलवतात. मी डोळे मिटून स्वतःलाच विचारते, पहिलं काय? गवत. त्याच्या मागे? शेंगदाणा. त्याच्याही मागे एक थंड, ओलं काहीतरी आहे, घशात उतरणारं. ओळखीचं आहे. त्याला अजून शब्द सापडलेला नाही, आणि तो सापडल्याशिवाय पेय सापडणार नाही, एवढं मला त्यांनी शिकवलं आहे. वहीत तारीख लिहिली आहे, हजर लिहिले आहेत, तंबाखू लिहिली आहे. पेयाचा रकाना कोरा आहे.